कॅलेंडरवरच्या सात खुणा : पोटातल्या जंतूचं एक प्रकरण

सप्टेंबर २०२२. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, होऊन दहा-बारा दिवस झाले होते. गोव्यातल्या साखळी गावाहून पुढे आत गेलेल्या एका गावात ४७ वर्षांचे एक गृहस्थ सकाळी न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. त्याआधी दोनदा शौचाला डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं झालं होतं, पण त्यांनी ते घरात कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोने १०८ ला फोन लावला. रुग्णालयात पोचले तेव्हा हिमोग्लोबिन ६.४, नाडी १२० च्या वर. दोन बाटल्या रक्त चढवलं आणि रात्रीच एंडोस्कोपी झाली. जठर संपून लहान आतडं जिथे सुरू होतं, त्या ड्युओडेनममध्ये एक खोल व्रण आणि त्याच्या तळाशी वाहती रक्तवाहिनी सापडली. ती तिथल्या तिथे बंद केली. सहाव्या दिवशी गृहस्थ घरी आले.

मी त्यांचा गावाकडचा डॉक्टर. पहिल्यांदा ते माझ्याकडे आले २०१३ मध्ये. म्हणजे रक्तस्राव होईपर्यंत नऊ वर्षं हा रुग्ण माझ्या हाताखालून जात होता. ती नऊ वर्षं कशी गेली हे सांगण्यासाठी मी लिहितो आहे. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे, आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत.

खाण बंद, पोट खराब

२०१३ मध्ये ते ३८ वर्षांचे होते. दोन टिप्पर ट्रक बाळगून होते, एकावर स्वतः, दुसऱ्यावर ड्रायव्हर. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या आणि डिचोली-साखळी भागातल्या शेकडो घरांसारखं त्यांचं घरही एका रात्रीत हप्त्यांवर येऊन पडलं. काही महिन्यांनी तक्रार सुरू झाली : छातीच्या हाडाखाली, मधोमध, कुरतडल्यासारखं दुखतं. रात्री दीड-दोनला जाग येते. उठून दोन बिस्किटं आणि कपभर दूध घेतलं की शांत. सकाळी भाजी-पाव खाल्ला की बरं, अकरा वाजले की परत.

पोट रिकामं झालं की दुखणं आणि खाल्लं की थांबणं, ही ड्युओडेनमच्या व्रणाची जुनी ओळख. मला ती पाठ होती. तरीही माझ्या केसपेपरवर त्या दिवशीची नोंद आहे : 'आम्लपित्त. ताण. पँटोप्रॅझोल ४०, तिखट बंद.' ताण हा शब्द मी स्वतःच्या हाताने लिहिलेला आहे. माणूस समोर बसून बँकेच्या नोटिशीबद्दल बोलत होता. त्याच्या पोटाचं कारण मला त्या नोटिशीत दिसलं आणि मी पुढे शोधायचं थांबलो.

गोळीने आराम पडला. पडणारच होता. ॲसिड कमी केलं की व्रणाची जळजळ थांबते, बरेच व्रण भरूनही येतात. दोन-तीन महिन्यांनी गोळी बंद केली की दुखणं परत यायचं. त्यांनी तिखट सोडलं, आंबटतिख सोडलं, सोलकढी सोडली, जत्रेतल्या नाटकांना पेटीवर बसायचे ते जागरण सोडलं. दुखणं कशालाच जुमानत नव्हतं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मी त्यांना अखेर एंडोस्कोपीला पाठवलं. एका खासगी ठिकाणी ती झाली. व्रण होता. जठराच्या अस्तराचा बारीक तुकडा युरिएज चाचणीच्या पिवळ्या जेलमध्ये टाकला, तो काही मिनिटांत गुलाबी झाला. हेलिकोबॅक्टर पायलोरी, म्हणजे जठरात राहून व्रण करणारा जंतू : पॉझिटिव्ह. १४ दिवसांचा औषधांचा संच मिळाला. क्लॅरिथ्रोमायसिन, अमॉक्सिसिलिन आणि ॲसिड कमी करणारी गोळी, सकाळ-संध्याकाळ.

काही आठवड्यांनी ते मला रस्त्यात भेटले. "हांव बरो आसां," म्हणाले. मला आनंद झाला. किती दिवस औषध घेतलं, जंतू गेला का हे परत तपासलं का, यातलं मी काहीच विचारलं नाही.

मार्च २०१८ मध्ये खाणी दुसऱ्यांदा बंद झाल्या. त्याच पावसाळ्यात दुखणं परतलं. आता तर कारण उघड्यावर होतं! मीही तेच म्हटलं, घरचेही तेच म्हणाले. पुन्हा पँटोप्रॅझोल. मग पुढची चार वर्षं ते ती गोळी माझ्याकडे न येताच फार्मसीतून घेत राहिले, जेव्हा दुखेल तेव्हा.

'निगेटिव्ह' लिहिलेला कागद

रक्तस्रावानंतर दोघं नवरा-बायको माझ्याकडे आले ते प्लॅस्टिकच्या पिशवीभर कागद घेऊन. त्यात नव्या एंडोस्कोपीचा अहवाल होता आणि त्यात एक ओळ : युरिएज चाचणी निगेटिव्ह. रक्तस्रावाचा दोष वेदनाशामक गोळ्यांवर गेला होता, आणि ते निराधार नव्हतं. माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची मांडणी, बांधताना त्यांची पाठ धरली होती आणि आठवडाभर ते फार्मसीतून आणलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या घेत होते, रोज दोन-तीन. या गोळ्या जठर-आतड्याच्या अस्तराचं संरक्षण काढून घेतात आणि व्रण करतात. म्हणजे गोष्ट पूर्ण झाली : २०१६ मध्ये जंतू मेला, २०२२ मध्ये पेनकिलरने घात केला.

मला मात्र २०१८ सतावत होतं. तेव्हा कुठे होत्या पेनकिलरच्या गोळ्या?

मी त्यांच्या पत्नीला विचारलं, "वहिनी, सोळा साली तो चौदा दिवसांचा संच पूर्ण घेतला होता का ह्यांनी?" त्या म्हणाल्या, "घेतला ना." आणि थोड्या थांबून, "बघते घरी. मी लिहिते कॅलेंडरवर."

त्या कॅलेंडरवर सगळंच लिहितात. सिलिंडर कधी आला, दुधाचे किती झाले, विहिरीचा पंप कधी बिघडला. जुनी कॅलेंडरं फेकत नाहीत, कपाटात कागद म्हणून अंथरतात. दोन दिवसांनी त्या २०१६ चं ऑगस्ट-सप्टेंबर घेऊन आल्या. २९ ऑगस्टच्या चौकोनात 'गोळ्या सुरू' आणि पेनाची उभी खूण. मग रोज एक. शेवटची खूण ४ सप्टेंबरला. ५ सप्टेंबर २०१६ ला चवथ होती.

सात खुणा. क्लॅरिथ्रोमायसिनने तोंडाला धातूसारखी कडवट चव येते, दिवसभर जात नाही. गणपती घरात आले, नेवऱ्या तळल्या, खतखतं शिजलं, आणि ह्यांना कशाचीच चव लागेना. "चवथ झाली की घेईन" म्हणून पाकीट देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलं. तोवर पोट दुखायचं थांबलं होतं. ते पाकीट तिथेच राहिलं.

पर्थमधल्या पेट्री बश्या

इथे मला थोडं मागे आणि लांब जावं लागेल, कारण 'निगेटिव्ह' या शब्दाकडे संशयाने बघायला मी ज्यातून शिकलो ती नोंद ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातली आहे.

रॉयल पर्थ हॉस्पिटलात रॉबिन वॉरन हे पॅथॉलॉजिस्ट होते. १९७९ मध्ये जठराच्या एका बायोप्सीवर, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यावर, त्यांना वाकड्या, सर्पिल आकाराचे जंतू दिसले. जठरात एवढं ॲसिड असताना तिथे जंतू राहूच शकत नाहीत, अशी तेव्हाची समजूत होती. वॉरन रोजच्या कामातून बाजूला काढून अशा काचपट्ट्या साठवत राहिले, दोन वर्षं. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. दोघांनी एंडोस्कोपीला आलेल्या लागोपाठच्या १०० रुग्णांचा अभ्यास हाती घेतला.

जंतू काचेखाली दिसत होते, पण प्रयोगशाळेत वाढत नव्हते. तिसाहून जास्त नमुने वाया गेले. पेट्री बशीवर दोन दिवसांत काही उगवलं नाही तर ती फेकून द्यायची, असा तिथला नेहमीचा शिरस्ता होता. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बश्या उबवणीच्या कपाटात तशाच राहिल्या. पाच-सहा दिवसांनी कुणी उघडून पाहिलं तर त्यावर वसाहती उगवल्या होत्या. जंतू सावकाश वाढणारा होता. त्याआधीच्या प्रत्येक बशीचं उत्तर 'नाही' असं नोंदलं गेलं होतं, आणि ते उत्तर दोन दिवसांचं होतं.

१९८४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा निबंध आला. १०० पैकी ५८ रुग्णांत हे जंतू दिसले होते, त्यातल्या फक्त ११ जणांचे प्रयोगशाळेत वाढले होते. दोन्ही आकडे त्यांनी शेजारी शेजारी दिले. त्यांच्या सगळ्या नोंदींत मला हे सर्वात मोलाचं वाटतं. ११ चा आकडा लपवला असता तर निबंध जास्त भक्कम दिसला असता.

त्याच वर्षी मार्शल यांनी स्वतः जंतूंचं संवर्धन प्यायलं, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पण ती सांगताना "आणि त्यांना अल्सर झाला" असं जोडलं जातं, ते चूक आहे. त्यांना व्रण झाला नाही. आधीच्या एंडोस्कोपीत निरोगी असलेल्या जठराला काही दिवसांत सूज आली, उलट्या झाल्या, दहाव्या दिवशीच्या तपासणीत सूज आणि जंतू दोन्ही सापडले. निरोगी जठर या जंतूने सुजतं, एवढंच त्यातून ठरलं. व्रणाचा निवाडा १९८८ मध्ये झाला. ड्युओडेनमचा व्रण असलेल्या १०० रुग्णांवर त्यांनी दुहेरी गुप्तता पाळून, म्हणजे कुणाला कुठलं औषध हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही कळू न देता, चाचणी केली. जंतू ज्यांच्यात टिकून राहिला, त्यांच्यापैकी ६१ टक्क्यांचे व्रण भरले, पण भरलेल्यांपैकी ८४ टक्क्यांचे पुढे परत आले. ज्यांचा जंतू गेला, त्यांच्यात ९२ टक्के भरले आणि वर्षभरात परतले फक्त २१ टक्के.

माझा रुग्ण त्या ८४ टक्क्यांत कितीतरी वर्षं राहत होता. गोळीने व्रण भरायचा, गोळी थांबली की उघडायचा.

जगाला हे पटायला वेळ लागला. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संस्थेने मार्शल यांचा परिषदेसाठीचा सारांश नाकारला होता. जंतूला हेलिकोबॅक्टर हे नाव १९८९ मध्ये मिळालं, १९९४ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या परिषदेने व्रणासाठी प्रतिजैविकांची शिफारस केली, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. वॉरन २०२४ च्या जुलैमध्ये गेले.

परत तपासणी

आता २०२२ च्या त्या निगेटिव्ह अहवालाकडे. युरिएज चाचणी कशी चालते? जंतू युरिएज नावाचं विकर बनवतो. ते युरियाचं अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड करतं. अमोनियाचं कवच अंगाभोवती घेऊन जंतू ॲसिडात तग धरतो, आणि त्याच अमोनियाने चाचणीच्या जेलचा रंग बदलतो. पण रंग बदलायला तुकड्यात पुरेसे जंतू हवेत. रक्त वाहत असेल तर चाचणी चुकते. ॲसिड कमी करणारी औषधं चालू असतील तर जठराच्या शेवटच्या भागातले जंतू विरळ होतात आणि वरच्या भागात सरकतात. आमच्या रुग्णाचा एकच तुकडा घेतला होता, तोही शेवटच्या भागातून, रक्तस्राव चालू असताना, पँटोप्रॅझोल शिरेतून जात असताना. त्या रात्री डॉक्टरांचं काम त्यांचा जीव वाचवणं होतं आणि ते त्यांनी उत्तम केलं. परंतु ते 'निगेटिव्ह' परत तपासल्याशिवाय मान्य करायला नको होतं, आणि तसं कुणी कागदावर लिहिलेलं नव्हतं.

लगेच तपासता येणार नव्हतं. नुकताच रक्तस्राव झालेल्या माणसाची पँटोप्रॅझोल बंद करणं धोक्याचं. आठ आठवडे ती चालू ठेवली, व्रण भरू दिला, सोबत लोहाच्या गोळ्या. मग दोन आठवडे पँटोप्रॅझोल थांबवली आणि जळजळ झाल्यास घ्यायला साधं ॲसिडशामक पातळ औषध दिलं. नोव्हेंबरच्या अखेरीस पणजीला श्वासाची चाचणी केली. विशिष्ट कार्बन असलेला युरिया प्यायचा, आधी आणि अर्ध्या तासानंतर पिशवीत फुंकायचं. जंतू असेल तर तो कार्बन श्वासातून बाहेर येतो. चाचणी पॉझिटिव्ह आली. सहा वर्षं तो तिथेच होता.

क्लॅरिथ्रोमायसिन परत द्यायचं नाही, हे कॅलेंडरने ठरवून टाकलं होतं. सात दिवसांच्या अर्धवट माऱ्यातून जे जंतू वाचतात, ते त्या औषधाला सरावलेले असण्याची शक्यता मोठी. म्हणून चार औषधांचा उपचार निवडला : बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडॅझोल आणि ॲसिड कमी करणारी गोळी, पूर्ण १४ दिवस. भारतात मेट्रोनिडॅझोललाही बरेच जंतू दाद देत नाहीत, पण बिस्मथच्या जोडीने आणि पूर्ण मात्रेत ही अडचण बरीचशी भरून निघते.

टेट्रासायक्लिन मिळेना. साधं, जुनं, स्वस्त औषध; म्हणूनच बहुधा कुणी ठेवत नाही. साखळी, डिचोली, वाळपई झालं, शेवटी म्हापशाला मिळालं. 'त्याऐवजी डॉक्सिसायक्लिन चालेल' असं दोन ठिकाणी सुचवलं गेलं. ते या जंतूवर तितकं चालत नाही, म्हणून मी थांबलो.

या वेळी समजावण्यासाठी मी पाऊण तास दिला. खरं तर उपचाराचा सगळ्यात अवघड भाग हाच होता. टेट्रासायक्लिन दिवसातून चार वेळा, दूध-दही-दुधाचा चहा याच्यापासून दोन तास लांब. लोहाची गोळी १४ दिवस बंद, कारण लोह टेट्रासायक्लिनला आतड्यात धरून ठेवतं आणि दोन्ही वाया जातात. दारूचा थेंबही नाही. ते पीत नाहीत, पण जत्रेच्या दिवसांत आग्रह होतो. तोंडाला चव राहणार नाही, मळमळेल, पण थांबायचं नाही. थांबावंसं वाटलं तर आधी मला फोन.

एक गोष्ट सांगायला मी विसरलो. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दोघं दारात उभी. त्यांचा चेहरा पांढराफटक. शौचाला काळं झालं होतं. सप्टेंबर महिना त्यांच्या डोळ्यांसमोर होता. बिस्मथने शौच काळी होते. निरुपद्रवी गोष्ट आहे आणि ती मी पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती. नाडी ७८, रक्तदाब ठीक, शौच घट्ट, डांबरासारखी चिकट नाही, तो वास नाही. हिमोग्लोबिन लगेच करून घेतलं, आधीच्यापेक्षा किंचित वरच होतं. पण त्या पहाटे त्या माणसाने जे भोगलं ते टाळता आलं असतं. तेव्हापासून बिस्मथ लिहिताना मी चिठ्ठीवरच मराठीत लिहितो : 'शौच काळी होईल. घाबरू नये. चिकट व दुर्गंधी असल्यास लगेच या.'

चौदा दिवस पूर्ण झाले. या वेळच्या खुणा त्यांनी स्वतः केल्या.

मुलांचं काय?

मधल्या काळात वहिनींनी विचारलं, "ह्यांच्यामुळे पोरांना झाला असेल का? आणि कॅन्सर होतो म्हणतात ना?"

दोन्ही प्रश्न रास्त होते. हा जंतू बहुतेकांना लहानपणीच लागतो, आणि मुख्यतः घरातूनच. भारतात प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक लोकांच्या जठरात तो आहे. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यात कधी व्रण होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये त्याला निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत घातलं, हे खरं. तरीही एवढा संसर्ग असून भारतात जठराच्या कर्करोगाचं प्रमाण त्या मानाने कमी आहे. मिझोराममध्ये मात्र ते खूप आहे. जंतूच्या जातीवरून धोका ओळखता येईल अशी आशा होती. पाश्चात्त्य देशांत काही जनुकं असलेला जंतू जास्त घातक ठरतो. कोलकात्यातल्या संशोधकांनी आपल्याकडचे जंतू तपासले तेव्हा ती जनुकं व्रण असलेल्या आणि नसलेल्या दोघांच्याही जंतूंत सर्रास सापडली. त्यामुळे इथे ती चाचणी करून रुग्णाला काही सांगता येत नाही.

म्हणून मुलांची तपासणी केली नाही. त्यांना काही त्रास नव्हता, घरात कुणाला जठराचा कर्करोग झालेला नव्हता. दिसेल त्या प्रत्येकाला प्रतिजैविकं देत सुटलं तर हा जंतू सोडाच, बाकीचे जंतूही औषधांना निर्ढावतील. वहिनींना हे पूर्ण पटलं असं मला वाटत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही पटलं नसतं.

फेब्रुवारी

शेवटची प्रतिजैविकाची गोळी संपून कमीत कमी चार आठवडे जाऊ द्यायचे, शेवटचे दोन आठवडे पँटोप्रॅझोलशिवाय, आणि मगच चाचणी. त्याआधी केली तर तीच चूक : जंतू दबलेला असतो आणि कागद 'नाही' म्हणतो. २०२३ च्या फेब्रुवारीत ते पणजीला जाऊन आले. निगेटिव्ह. आणि या निगेटिव्हच्या शेजारी मी केसपेपरवर तारीख, प्रतिजैविकं थांबल्यापासूनचे आठवडे आणि पँटोप्रॅझोल थांबल्यापासूनचे दिवस, तिन्ही लिहिले.

हिमोग्लोबिन १३.१ झालं. पाठ दुखली तर फार्मसीतून काही आणायचं नाही, हे ठरलं. आधी मालिश, मग पॅरासिटामॉल, मग मी. खाणीचं काम त्यांनी सोडलं आहे, पिकअपवर भाडी मारतात. हप्त्यांची काळजी अजून आहे, ती मी औषधाने घालवू शकत नाही. रात्री दोनला मात्र त्यांना जाग येत नाही. पुढच्या हंगामात ते परत पेटीवर बसले, पहाटेपर्यंत, आणि मध्यंतरात मिरची-भजी खाल्ली, असं त्यांनी मला थोडं घाबरत सांगितलं. तिखटाने व्रण होत नाही हे मी त्यांना सांगितलं. दहा वर्षांपूर्वी 'तिखट बंद' मीच लिहिलं होतं.

परवा त्यांचे थोरले भाऊ वाळपईहून आले होते. पित्ताचा जुना त्रास, म्हणाले, टेन्शनमुळे. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. मी टेबलावरचं सगळं बाजूला सारलं आणि कागद तारखेप्रमाणे लावायला घेतले. सर्वात खालचा २००९ चा होता.